तळाची खोटी साक्ष

नारळी पौर्णिमा होऊन पंधरवडा लोटला होता. अमावस्येची संध्याकाळ. हर्णैच्या एका मच्छीमार होडीवर मी हौसेने पाहुणा म्हणून गेलो होतो. परतताना वारा उठला आणि तांडेलाने होडीचे तोंड आंजर्ल्याच्या खाडीकडे वळवले. वाऱ्यापावसात हर्णैच्या होड्या आसऱ्याला तिकडेच धाव घेतात. पण खाडीच्या मुखाशी गाळ साचलेला. ओहोटीला भलत्या जागी शिरलेली होडी वाळूत रुतते आणि मागून येणारी लाट तिला आडवी करते.

सुकाणूजवळ पाण्याची खोली सांगणारे यंत्र होते, इको-साउंडर. पडद्यावर आकडा होता १८ फूट. होडीला लागते पाच फूट पाणी. मी निर्धास्त झालो. तांडेल मात्र झाला नाही.

"मास्तर, डबा अठरा फूट म्हणतो. मग समोर लाट फुटते कशाला?"

त्याने इंजिन मंद केले आणि पोऱ्याला शिशाचा ओळंबा टाकायला सांगितले. दोरीला वावावावावर गाठी मारलेल्या. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारे अंतर, सुमारे सहा फूट. ओळंबा तळाला टेकला तेव्हा दोनच गाठी ओल्या झाल्या होत्या. म्हणजे १२ फूट! आणि पुढे तर पाणी आणखी उथळ होत जाणारे.

तांडेलाने शब्दही न बोलता होडी माघारी फिरवली. खोल पाण्यात नांगर टाकून भरतीची वाट पाहायची ठरली. हातात तीन-चार तास होते; मी यंत्रापाशी बसलो.

वाचकहो, या यंत्राची करामत तशी साधी आहे. विहिरीत हाक मारावी आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजावे, तसेच हे. १८२६ साली जिनिव्हाच्या सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून कोलाडॉन आणि स्टुर्म या दोघांनी पाण्यातला आवाजाचा वेग मोजला. समुद्रात तो सेकंदाला सुमारे १५०० मीटर भरतो. १९१२ साली टायटॅनिक बुडाली आणि पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या अलेक्झांडर बेमने प्रतिध्वनीने खोली मोजण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. होडीच्या बुडाशी बसवलेला ट्रान्सड्यूसर आवाज सोडतो, परत आलेला ऐकतो आणि जाण्यायेण्याच्या वेळेवरून यंत्र खोली सांगते.

मग बिघाड कुठे? मी सोप्यापासून अवघडाकडे निघालो. पडदा उजळलेला, तेव्हा फ्यूज शाबूत. बॅटरी उतरली असती तर आकडा लुकलुकला असता. हा तर ठाम होता. जोडणीला हिरवा गंज चढला की आकडा येतो आणि जातो. प्लग काढून पाहिला, स्वच्छ. कधी होडीच्या वेगाने बुडाखाली हवेचे बुडबुडे येतात, कधी इंजिनाच्या विजेची खरखर यंत्राच्या कानात शिरते. पण आता होडी उभी, इंजिन बंद. तरी आकडा तसाच ठाम.

नांगराच्या जागी यंत्र म्हणत होते २७ फूट. ओळंबा टाकला, पाच वाव. म्हणजे ३० फूट. तीन फुटांचा फरक. पण तो खोटेपणा नव्हे. ट्रान्सड्यूसर पाण्याखाली तीन फुटांवर बसवलेला, आणि यंत्र मोजते ते तिथून. म्हणजे इथे ते खरे बोलत होते!

मग खाडीच्या तोंडाशीच खोटे का? तिथले पाणी १२ फूट. तीन वजा केले, उरले नऊ. आणि नऊचे दुप्पट अठरा! आवाज कठीण वाळूवर आपटून होडीच्या बुडापर्यंत आला, पुन्हा खाली गेला, पुन्हा वर आला. आणि यंत्राने पहिला प्रतिध्वनी सोडून दुसराच धरला होता.

रात्री दहाच्या सुमारास, भरतीच्या पाण्यावर, नाळेवरून ओळंबा टाकत टाकत आम्ही सुखरूप आत शिरलो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने यंत्राची बटणे पाहिली आणि कपाळाला हात लावला. "ऐकण्याची ताकद शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलीय कुणी?"

तांडेल ओशाळला. मागच्या हंगामात ट्रान्सड्यूसरवर शेवाळ आणि शिंपले चढले होते. प्रतिध्वनी क्षीण झाला म्हणून त्यानेच ती वाढवली. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढली तेव्हा बूड खरवडून साफ झाले. बटण मात्र तसेच राहिले. आता साफ झालेला कान अतितीक्ष्ण झाला. स्वतःच्याच आवाजाच्या गोंगाटात उथळ पाण्यातला पहिला, जवळचा प्रतिध्वनी बुडून गेला. ताकद बेताची करताच आकडा सुधारला.

यंत्र बंद पडले तर माणूस सावध होतो. ते ठामपणे चुकते तेव्हा खरा धोका. त्या संध्याकाळी बिघाड शोधला मी आणि मिस्त्रीने. पण होडी वाचवली ती फुटणारी लाट पाहून दुसरा साक्षीदार बोलावणाऱ्या तांडेलाने. यंत्र दुरुस्त झाले, तरी ओळंब्याची दोरी आजही सुकाणूजवळच्या खुंटीवर आहे. नव्या पोऱ्याला तांडेल पहिल्यांदा तीच हातात देतो.