त्रिग्लाव्ह: लोकांनी आपला केलेला डोंगर

स्लोव्हेनियाच्या झेंड्यावर तीन शिखरांचा जो पांढरा डोंगर दिसतो, तो त्रिग्लाव्ह. ज्युलियन आल्प्समधला सर्वांत उंच, २८६४ मीटर. प्रत्येक स्लोव्हेनियन माणसानं जन्मात एकदा तरी तो चढावा, असं तिथे मानतात. मला ओढ लागली ती यामुळेच.

व्राता दरीतून (उंची सुमारे १००० मीटर) निघालं की उत्तरेची प्रचंड भिंत समोर उभी राहते. चालणाऱ्यांची वाट तिच्या डाव्या अंगानं चढते. कातळावर जागोजागी लाल कड्यात पांढरा ठिपका. आलोय्झ क्नाफेल्त्स यांनी शंभर वर्षांपूर्वी ठरवलेली ही खूण गिर्यारोहण मंडळांचे स्वयंसेवक आजही रंगवतात. धुकं उतरलं तेव्हा मी एका ठिपक्यावरून दुसरा शोधत चालले, आणि ब्रश धरणाऱ्या त्या अनोळखी हातांबद्दल मन भरून आलं.

पाणी मात्र खालूनच भरून घ्यावं. सह्याद्रीच्या कातळातलं टाकं उन्हाळ्यातही पाणी धरतं; इथला चुनखडक भेगाळलेला, पडेल ते पाणी आत ओढून घेतो. मुक्कामाची क्रेदारित्सा हट २५१५ मीटरवर. तिच्याजवळच्या उतारावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ४० हेक्टरांहून मोठी हिमनदी होती. आता एक हेक्टरही उरलेली नाही. ते बघून मला वाईट वाटलं, फार वाईट.

माथा गाठायचा तो सकाळीच. उन्हाळ्यात दुपारी ढग दाटतात, विजा पडतात, आणि शेवटच्या अरुंद धारेवर पोलादी दोर नि मेखाच मेखा! डोक्यावर हेल्मेट, कमरेला हार्नेस, त्याला दोन कॅराबिनर, म्हणजे दोरात अडकवायच्या कड्या. मेख आली की आधी एक कॅराबिनर पलीकडे अडकवायचा, मगच दुसरा काढायचा. म्हणजे दोराशी नातं क्षणभरही तुटत नाही. घाई झालेल्याला पुढचे लोक वाट देतात, पण हा क्रम कुणी मोडत नाही.

१७७८ साली चौघे जण इथे पहिल्यांदा पोहोचले, माँ ब्लाँच्या पहिल्या चढाईआधी आठ वर्षं. पण डोंगर लोकांचा केला तो दोव्ये गावच्या याकोब आल्याझ या धर्मगुरूंनी. स्लोव्हेनिया तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यात होता; जर्मनभाषक मंडळं इथल्या आल्प्समध्ये हट बांधत होती, जर्मन पाट्या लावत होती. आल्याझनी माथ्यावरची जागाच विकत घेतली आणि १८९५ मध्ये तिथे पत्र्याचा छोटा मनोरा उभारला. चार-पाच माणसं दाटीवाटीनं मावतील एवढाच, पण वादळात आसरा देणारा. एखादा स्मारकस्तंभ उभारण्यापेक्षा हे मला कितीतरी मोठं वाटतं.

पहिल्यांदा आलेल्याच्या पार्श्वभागावर दोराचे हलके फटके मारायची तिथे रीत आहे. माझे फटके एका आजीबाईंनी मारले, आणि मग आपल्या डब्यातला केकही दिला.

उतरताना चढणाऱ्यांची रांग लागली होती. अशा वेळी रुंद जागा बघून, दोराला अडकूनच थांबायचं. येणारा प्रत्येक जण ‘दोबेर दान’ (शुभ दिवस) म्हणत पुढे जात होता.