रिक्त आसनापुढे

अमूर्त चित्रासमोर ‘यात आहे तरी काय?’ असे विद्यार्थी विचारतात, तेव्हा आम्ही त्यांना भंडारा जिल्ह्यातील पवनीचे शिल्प दाखवतो. तेथे मुचलिंद नागाने फणा धरला आहे तो रिक्त आसनावर. तथागत मानवी रूपात नाहीतच. तरी श्रद्धा दगडात उमटली आहे. पुढे नागपुरात १९२४ साली जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे झेन बौद्ध विचाराकडे वळले. रोलरने रंगांचे थर चढवीत त्यांनी वस्तू वगळली, शांतता तेवढी राखली. (‘अमूर्त’ हा शब्द त्यांना स्वतःला रुचत नसे.) यवतमाळच्या मुलांनी टिपलेल्या, मृगापूर्वीच्या भेगाळ काळ्या जमिनीच्या छायाचित्रातही माणूस नाही, शेतकऱ्याच्या घरची धास्ती मात्र आहे. त्याखाली शीर्षक लिहिण्याची घाई आम्ही करू देत नाही.