क्योतोचे पत्र : काशाची वाटी आणि बंडखोर बासरी

क्योतो, दि. ५ जुलै

जपानी वाद्ये म्हटली की आपल्याकडील रसिकाच्या डोळ्यांपुढे पुरुषभर उंचीचा ढोल आणि त्यावर तुटून पडणारा वादक उभा राहतो. परंतु निव्वळ ढोलांचे ताफे रंगमंचावर आणण्याची प्रथा १९५१ मध्ये दाइहाची ओगुची या जाझ-वादकाने पाडली, आणि त्यापूर्वीची वहिवाट पाहू गेल्यास ढोल बहुधा कोणाच्या तरी संगतीनेच वाजत असे.

ती संगत ऐकायची तर जुलै महिन्यात या नगरीत मुक्काम हवा. इ. स. ८६९ च्या महामारीपासून ज्याची परंपरा सांगितली जाते, त्या गिओन उत्सवातील रथांचे वादक पहिल्या तारखेपासून आपापल्या पेठेतील घराच्या माडीवर संध्याकाळी तालमीला बसतात. काल अशाच एका खिडकीखाली मी उभा होतो. वर ओळीने टांगलेल्या ‘काने’ नावाच्या काशाच्या उथळ वाट्या. मृगशृंगाचे टोक बसविलेल्या काठीने त्या आतून, कधी मध्यावर तर कधी कडेवर, ठोकल्या जातात, आणि त्या नादावरून या संगीताला लोकांनी ‘कोन-चिकि-चिन’ हेच नाव देऊन टाकले आहे. ताल बदलण्याचा इशारा ढोलकरी देतो हे खरे. पण दोन गल्ल्या पलीकडून जे प्रथम कानी येते ते हे कासेच.

तिसरे वाद्य नो-नाट्यातील ‘नोकान’ बासरी. हिच्या फुंकरीच्या भोकापुढे नळीत एक अरुंद नळी मुद्दाम बसवितात, त्यामुळे जोराने फुंकले असता वरचे सप्तक शुद्ध निघतच नाही. आपल्या मुरलीवर पोसलेल्या कानाला पहिल्या दिवशी हा सरळसरळ बेसूर वाटतो (मलाही वाटला), आणि तिसऱ्या दिवशी उमगते की ढोल व कासे यांच्या कल्लोळाला भेदून जायला असाच तिरकस स्वर पाहिजे. ही बासरी तबल्याच्या बोलांप्रमाणे आधी तोंडाने ‘ओ-ह्या-रा’ म्हणून पाठ करवितात. मुलांना मात्र तिला लगेच हात लावू देत नाहीत; आधी काही वर्षे काने, मग वकुबाप्रमाणे बासरी किंवा ढोल, असा शिरस्ता आहे.

सतरा तारखेस रथ निघतील. त्यांना सुकाणू नसल्याने चौकात ओल्या बांबूच्या पट्ट्यांवरून चाके आडवी सरकवावी लागतात, आणि वळण पार पडले की संथ चाल सोडून वादक द्रुत लय धरतात. त्या दिवशी गर्दी बेसुमार असते. आपल्यापैकी कोणी येणार असल्यास त्याने तत्पूर्वीची एखादी संध्याकाळ साधावी. माडीखालच्या रस्त्यावर तिकीट नाही.