तिसऱ्या क्रमांकावर जळगाव

सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले की जळगाव-धुळ्यातल्या कितीतरी घरांत एकच खल सुरू होतो. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फॉर्मवर पहिलं पुण्याचं सीओईपी टाकायचं, की जळगावचं शासकीय अभियांत्रिकी? कुणीतरी काका हमखास सांगतात, "पुणं पहिलं टाकलंस तर हातचं जळगावही जाईल." सांगण्यात माया असते, पण ही भीती निराधार आहे. ती का निराधार आहे, हे कळतं तेव्हा मी तरी थक्क होतो.

डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी 1962 साली नेमका हाच प्रश्न घेतला: पोरांच्या आपापल्या पसंती, कॉलेजांच्या आपापल्या याद्या, मग जागा वाटायच्या कशा? त्यांची रीत आपल्याकडच्या नावांनी पाहू. एका मुलीने पहिलं सीओईपी लिहिलं, दुसरं शिरपूरचं आर. सी. पटेल आणि तिसरं जळगाव शासकीय. सीओईपीच्या जागा तिच्याहून वरच्या क्रमांकाच्या मुलांनी भरल्या. शिरपूरलाही तेच झालं. ती जळगावला आली, तर तिथल्या शेवटच्या जागेवर तिच्याहून खालच्या क्रमांकाचा मुलगा. त्याने जळगाव पहिलं लिहिलं होतं, तरी जागा तिलाच मिळते आणि तो आपल्या पुढच्या पसंतीकडे सरकतो. कारण शेवटची यादी लागेपर्यंत प्रत्येक जागा तात्पुरतीच असते, आणि कॉलेज पाहतं फक्त गुणवत्ता क्रमांक. आपलं नाव तुम्ही कितवं लिहिलंत, हे ते पाहतच नाही. म्हणून मनातलं खरं लिहिणाऱ्याचं नुकसान होत नाही, हे गणिताने सिद्ध करता येतं! शॅप्लींना 2012 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे हेही काम होतं.

आपल्या कॅपमध्येही एका फेरीपुरतं सूत्र तेच आहे: गुणवत्ता क्रमांकाने जागा, आणि मिळू शकेल त्यातली सर्वांत वरची पसंती.

अमेरिकेतल्या मुलांना हे सुख नाही. तिथे 'अर्ली डिसिजन'चा मार्ग निवडला, तर साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला एकाच कॉलेजला अर्ज करून शब्द द्यावा लागतो: घेतलंत तर येणारच. बाकी कॉलेजं काय म्हणाली असती, हे कळायच्या आत.

मात्र शब्द देण्याची वेळ आपल्यावरही येते, फेऱ्यांमुळे. 2025-26 पासून अभियांत्रिकीच्या कॅप फेऱ्या चार झाल्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काहीही मिळालं तर ते बंधनकारक, आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. नाकारलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. हे जाचक वाटतं, पण एक मुलगा जागा अडवून थांबला की मागे अख्खी साखळी अडते. बांभोरीच्या कॉलेजची जागा सोडून कुणी जळगावला जातो, तेव्हा बांभोरीला धुळ्याचा कुणीतरी येतो आणि धुळ्यात तिसऱ्याच कुणाचा तरी नंबर लागतो.

म्हणजे आपल्या उदाहरणातल्या मुलीला पहिल्या फेरीत जळगाव मिळालं, तर ती जागा राखून वरच्या पसंतीची वाट पाहू शकते. दुसऱ्या फेरीतही जळगाव तिसऱ्या क्रमांकावरच राहिलं आणि तेच लागलं, तर शोध तिथेच संपतो. तिसऱ्या फेरीत सीओईपीत जागा सुटली तरी ती तिची नाही. जळगाव चौथं असतं, तर ती जागा हातात ठेवून तिला आणखी एक फेरी थांबता आलं असतं. म्हणून घरात बसून बोलायचं ते इतकंच: कोणत्या कॉलेजची कोणती शाखा मिळाली की आपण आनंदाने थांबू? ते वरच्या तिनात, बाकी सारं चौथ्यापासून खाली.