एका पानात दोन रस

दारावर उलटी टांगलेली कोरफड तुम्ही पाहिली असेल. माती नाही, पाणी नाही, तरी ती कित्येक आठवडे हिरवी राहते. दृष्ट लागू नये म्हणून ती टांगतात. पण ती हिरवी कशी राहते?

लातूर जिल्ह्यातील देवणी हे गाव देवणी जातीच्या गुरांसाठी प्रसिद्ध आहे. हा भाग तसा अवर्षणाचा. २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. अशा ठिकाणीही कोरफड तग धरते. बहुतेक वनस्पतींची पर्णरंध्रे दिवसा उघडी असतात व त्यांतून पाण्याची वाफ निघून जाते. कोरफड ती मुख्यतः रात्री उघडते, कार्बन डायऑक्साइड आत घेते व आम्लाच्या रूपात साठवते. दिवसा रंध्रे मिटून ती त्यापासून अन्न तयार करते. पाणी वाचते!

हे पाणी साठते पानातील गरात. गराच्या शंभर भागांत सुमारे ९८ ते ९९ भाग पाणीच असते. किरकोळ भाजल्यावर घरोघरी हा गर लावतात. १९३५ साली अमेरिकेत क्ष-किरणांनी इजा झालेल्या त्वचेवरही त्याचा वापर झाला होता.

परंतु सालीलगत दुसरा रस असतो. तो पिवळा, अतिशय कडू. तो आटवला की काळा बोळ तयार होतो. त्यातील अ‍ॅलॉइन या द्रव्यावर मोठ्या आतड्यातील जिवाणूंची क्रिया होऊन तीव्र रेचक बनते. त्याने पोटात मुरडा येतो, जुलाब होतात, शरीरातील पाणी व पोटॅशियम कमी होते. तान्ह्या बाळाला आणि गरोदर स्त्रीला हे धोक्याचे आहे. सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा न मिळाल्याने २००२ साली अमेरिकेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या रेचकांतून कोरफडीचा हा रस वगळण्यात आला. ‘झाडपाल्याचे औषध, अपाय कसला?’ असे कोणी म्हणाले, तर हे जरूर सांगा.

आणि भाजल्यास? प्रथम वीस मिनिटे भाजलेल्या जागेवर साधे थंड पाणी वाहू द्या. बर्फ नको. भाजलेली जागा मोठी असेल, फोड आले असतील, तर गर न लावता तडक दवाखाना गाठा.

आता एक प्रयोग करा. शिक्षकांच्या देखरेखीखाली कोरफडीचे ताजे पान बुडाशी कापा व कापलेली बाजू खाली करून काचेच्या पेल्यात उभे ठेवा. थोड्या वेळाने तळाशी पिवळे थेंब जमतील. ते चाखू नका. नंतर हात साबणाने धुवा. मग पान सोलून आतला गर पाहा. एकाच पानातले हे दोन रस वेगळे ओळखता आले, म्हणजे कोरफडीचा अर्धा धडा झाला!