फाईल एक, नावं अनेक

वारसांची नावं सात-बारावर कशी चढतात, हे शिरूर अनंतपाळच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. फेरफार मंजूर होतो, नावं लागतात; गट नंबर तोच राहतो. एखादं नाव कमी झालं म्हणून जमीन कुठं जात नाही.

डिस्कवरच्या फाईलचंही असंच आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घडवली, तेव्हा फाईलची ओळख तिच्या नावाशी बांधली नाही. फाईलला एक क्रमांक दिला, आयनोड. नाव फोल्डरमध्ये वेगळं नोंदवलं. त्याच आयनोडवर आणखी एक नाव चढवणं म्हणजे हार्ड लिंक. इथे हिस्से मात्र पडत नाहीत, प्रत्येक नावाला अख्खी फाईल मिळते. मोठ्या व्हिडिओला दुसरं नाव दिलं तरी डिस्कवर त्याची दुसरी प्रत होत नाही. सगळी नावं पुसली गेली आणि कुठल्याही प्रोग्रॅमने ती फाईल उघडून ठेवलेली नसली, तरच जागा मोकळी होते. आणि गट नंबर जसा गावापुरता, तसा आयनोड एका फाईल सिस्टिमपुरता. म्हणून एका डिस्कवरच्या फाईलला दुसऱ्या डिस्कवर हार्ड लिंक करता येत नाही.

आता हीच हार्ड लिंक सर्व्हरवर कशी होते ते पाहू. रायन डाल यांनी २००९ मध्ये आणलेल्या, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड.जेएसमध्ये आपला जावास्क्रिप्ट कोड मुख्यतः एकाच थ्रेडवर चालतो. लिंक होईपर्यंत तो थांबला, तर रांगेतल्या सगळ्या विनंत्या खोळंबतात. म्हणून हार्ड लिंक करणारं ‘एफएस.लिंक’ हे फंक्शन ते काम लिबयूव्ही लायब्ररीच्या थ्रेडवर सोपवतं. असे थ्रेड मुळात ४ असतात. काम झालं की कॉलबॅकमधून, म्हणजे आपण आधीच देऊन ठेवलेल्या फंक्शनमधून, निकाल कळतो. तोवर मुख्य थ्रेड पुढच्या माणसाचं काम करत राहतो.

इथेच नवे प्रोग्रॅमर हमखास फसतात. नवं नाव मोकळं आहे का, हे ते आधी तपासतात आणि मग लिंक करतात. या दोन पायऱ्यांच्या मधल्या क्षणात दुसरी विनंती तेच नाव घेऊन जाते. तपासायचंच नाही, हा मला सर्वांत महत्त्वाचा धडा वाटतो. थेट लिंक करावी. नाव मोकळं आहे का हे पाहणं आणि ते घेणं, ही दोन्ही कामं ऑपरेटिंग सिस्टिम एकाच अखंड पावलात करते. नाव आधीच घेतलेलं असेल तर जुन्या फाईलला धक्का न लावता ‘ईएक्झिस्ट’ ही चूक परत येते. कॉलबॅकमध्ये ती ओळखायची आणि दुसरं नाव घेऊन पुन्हा लिंक करायची.