विकलेले असुरक्षित प्रेशर कुकर परत कसे मागवले जातात?

नवी दिल्ली : विक्रीनंतरही असुरक्षित वस्तू परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २०नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे.

घरगुती प्रेशर कुकरवर १ फेब्रुवारी २०२१पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. मानकांचे उल्लंघन करणाऱ्या २,२६५ कुकरच्या विक्रीप्रकरणी ऑगस्ट २०२२मध्ये प्राधिकरणाने ॲमेझॉनला ग्राहकांना कळवण्याचे, कुकर परत घेऊन किंमत परत करण्याचे आणि एक लाख रुपये दंड भरण्याचे आदेश दिले. प्रत्येक विक्रीतून उत्पन्न मिळवणाऱ्या कंपनीला जबाबदारी टाळता येणार नाही, असे प्राधिकरणाने स्पष्ट केले. कंपनीने या आदेशाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले.

आयएसआय चिन्हासोबतचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळता येतो. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.